एकानं उतरायचं

मेट्रनबाईंना कुणी घाबरवू शकत नाही, हे त्यांचं स्वतःचंच मत होतं, आणि हॉस्पिटलात ते खोडून काढायची कुणाची टाप नव्हती. निवृत्त झाल्या आणि एकट्याच या देशात हिंडायला आल्या. देश बघण्यासारखा खराच. निळी तळी, डोंगरभर पिवळी फुलं. आणि मधूनच एखादी जळकी शाळा, गोळ्यांनी चाळण झालेली भिंत. लढाई संपली म्हणून सगळे सांगत, पण सांगताना आवाज खाली आणत.

त्या दिवशी त्यांना घाटापलीकडच्या गावात जायचं होतं. मुक्काम टॅक्सीवाल्याच्याच आईकडे ठरलेला. बाई दार उघडून सरळ त्याच्या शेजारी बसल्या.

"मावशी, मागे बसा ना. ती जागा माझ्या भावाची आहे."

"मागे मला मळमळतं बाबा. भाऊ आला की उठते."

तिशीतल्या त्या गड्यानं गाडी चालू केली. बाईंनी तो होकार धरला आणि घाटभर त्याला हॉस्पिटलातले किस्से ऐकवले.

खिंडीत लढाईच्या वेळची जुनी चौकी होती. छप्पर कोसळलेलं, रस्त्यावरचा आडवा दांडा कुजून पडलेला. भर दुपारी तिथं चिटपाखरू नव्हतं. तरी त्यानं गाडी थांबवली.

"अरे, कोण आहे इथं? चल की."

तो हलला नाही. वारा पडला. मग खडीवर बूट वाजले... सावकाश, गाडीभोवती. बाईंनी चारी बाजूंना पाहिलं. लख्ख उन्हात रस्ता रिकामा होता. सिगारेटचा ताजा वास मात्र आत आला.

टपावर कुणीतरी ठोकलं.

"एकानं उतरायचं असतं..." तो कुजबुजला. "मी लहान होतो, तेव्हा शिपायांनी थोरल्या भावाला इथंच उतरवून घेतलं, तो परत आला नाही. आता मी इथं थांबलो की त्याच्या बाजूचं दार उघडतो. तो उतरतो... मग गाडी सोडतात."

"आणि आज?"

"आज तिथं तुम्ही बसलाय."

जन्मभर दुसऱ्यांच्या पाळ्या अंगावर घेतलेली बाई ती. "माझ्यामुळे झालं ना? मग मीच उतरते," म्हणत त्यांनी दाराला हात घातला.

"पाहुण्यांना कसं उतरवू, मावशी?"

इंजिन चालू ठेवून तो खाली उतरला, दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि चौकीमागे चालत गेला. त्याच्यामागून बूट वाजत गेले.

बाई धावल्या. चौकीमागे गुडघाभर गवत होतं, एक काडी वाकलेली नव्हती. घसा बसेपर्यंत त्यांनी हाका मारल्या. शेवटी स्वतःच गाडी हाकत त्या कशाबशा गावात पोचल्या. त्याच्या आईला काय तोंड दाखवायचं, एवढंच डोक्यात घोळत होतं.

म्हातारी दारातच उभी होती. बाई गाडीतून उतरून सांगू लागल्या.

"काही सांगू नका," म्हातारी म्हणाली. "मघाशी थोरला घरी आला, तेव्हाच कळलं मला."

आत कुणीतरी घटाघटा पाणी पीत होतं. बाईंनी डोकावलं. सतरा-अठराचा पोरगा, मिसरूडही नीट फुटलेलं नव्हतं. भांडं खाली ठेवून त्यानं विचारलं, "आई, धाकटा अजून शाळेतून आला नाही?"