आकाय बरी झाली

बसा, चहा घ्या, आणि मला वेड्यात काढू नका. कझाकस्तानातल्या सेमेईच्या या इस्पितळात मेंदूचे आलेख काढण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. या एका बाईचं मात्र मला अजून काही कळलेलं नाही.

काम साधं. उदास होऊन अन्नपाणी टाकलेला पेशंट आला की मी त्याच्या डोक्याला तारा लावते. आलेख बघून कॉम्प्युटर सांगतो, सौम्य विजेच्या उपचारानं हा बरा होईल की नाही. 'नाही' आलं की डॉक्टर घरी पाठवतात. यंत्रं दोनच, काय करणार?

रौझा सासूला घेऊन आली त्या सकाळी इर्तिश नदीवरचं धुकं खिडकीला चिकटलं होतं. सासू कुमीस वर्षभर बोलली नव्हती, आठवडाभर घासही घेतला नव्हता. आलेख काढला. उत्तर आलं, नाही.

घरी नेली तर मरेल, म्हणून रौझा रडायला लागली. मला कणव आली. दुपारी पुन्हा तारा लावल्या, आणि या खेपेला कॉम्प्युटरवर नाव तिलाच भरायला सांगितलं. आता आमच्याकडे सून सासूचं नाव घेत नाही, स्वतःच तिला एखादं नाव ठेवते. कुमीस म्हणजे चांदी, तर घरातल्या चांदीलाही ती दुसरंच काही म्हणते. रौझानं लिहिलं, आकाय. पांढरा चंद्र.

उत्तर आलं, नक्की बरी होईल.

तेच डोकं, त्याच तारा! डॉक्टर येर्बोलात चक्रावले. "उल्झानताई, कॉम्प्युटर नाव बघत नाही, लहरी बघतो," ते म्हणाले. "आणि या लहरी... तरुण बाईच्या वाटतात." तरी त्यांनी उपचार सुरू केले. दहाव्या दिवशी म्हातारी उठून बसली, तळलेले दोन बाउरसाक खाल्ले, हसलीसुद्धा.

मला इतका आनंद झाला की मीच चहा ओतला. रौझानं घरून आणलेला चांदीचा चमचा देऊ का, म्हातारीला विचारलं. ती म्हणाली, तो पांढरा द्या. चांदी म्हणायला काय झालं, म्हणून मी चेष्टा केली.

तिनं मान खाली घातली. "सासूबाईंचं नाव... कसं घेऊ?"

मी किटली खाली ठेवली. तारांखाली लावतात त्या मिठाच्या पाण्यात भिजलेल्या फडक्यांचा वास एकदम नाकात बसला. मी रौझाला बाहेर ओढलं. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. आकाय हे नाव तिनं ठेवलेलंच नव्हतं. ते नवऱ्याच्या पहिल्या बायकोनं सासूला ठेवलेलं. ती पहिली त्याच घरात वारली, आणि त्या दिवसापासून सासू गप्प झाली. कशी वारली, ते रौझाला कुणी सांगितलं नव्हतं.

"अगं, मग तुझी सासू कुठंय... खाटेवरच्या बाईला विचार तरी."

"विचारलं, ताई," रौझा कुजबुजली. "म्हणाली, आत आहे... गप्प बसलीय."

डॉक्टरांनी कागदावर 'पूर्ण बरी' लिहिलं. मी त्यांना काय सांगणार होते? फाटकापर्यंत सोडायला गेले. तिथं बापाचा हात धरून त्या पहिलीची सहा वर्षांची मुलगी, तोरगिन, उभी होती. म्हातारीला बघताच ती धावत येऊन बिलगली.

"आई," ती म्हणाली, "आजी कुठंय?"