गाव रिकामं होतं

विश्वास ठेवा असा माझा आग्रह नाही. पण यातलं काहीही मी रचलेलं नाही. ज्या घरात हे घडलं, त्याच्या बरोबर खालच्या घरात मी आजही राहते.

सौदी अरेबियातलं अल-खोबर. गेल्या वर्षीचा नोव्हेंबर.

वेळ रात्रीची नव्हती. भर दुपार होती. खिडकीत लख्ख ऊन, खाली गाड्यांचे हॉर्न. म्हणूनच मला जास्त भीती वाटते... उजेडाचाही आता भरवसा राहिलेला नाही.

मी श्यामला. माझे मिस्टर, इंद्रनील, इथे एका कंपनीत इंजिनिअर आहेत. लग्नाआधी मी साताऱ्याला कॉलेजात इतिहास शिकवायचे. इथे आल्यावर ते सुटलं.

वरच्या मजल्यावर प्रोफेसर घस्सान. मूळचे लेबनॉनचे, वय ऐंशीच्या आसपास. त्यांची मुलगी रीमा दातांची डॉक्टर आहे, तिच्याकडे ते राहायला आले होते. आयुष्यभर त्यांनी एकाच विषयावर काम केलं... त्यांच्या देशातलं यादवी युद्ध. आता डोळे अधू झाले होते. शेवटचं पुस्तक ते तोंडी सांगायचे आणि मी लॅपटॉपवर टाइप करायचे. आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं. इथे मराठीत सांगते.

त्या दुपारी डोंगरातल्या एका गावाचं प्रकरण चाललं होतं. गावाचं नाव मी लिहिणार नाही.

गावावरून जाणाऱ्या रस्त्यासाठी दोन गट लढले. दिवसभर तोफा चालल्या. संध्याकाळपर्यंत एकही भिंत उभी राहिली नाही. या लढाईबद्दल इतिहासकारांत दोन तट आहेत. काही म्हणतात, घराघरांत माणसं होती, ती गाडली गेली. प्रोफेसरांना ते मान्य नव्हतं.

"लिही," ते म्हणाले. "लढाई सुरू झाली तेव्हा गाव रिकामं होतं."

माझी बोटं थांबली. "हे कशावरून?"

"दोन्ही बाजूंच्या कमांडरांशी मी स्वतः बोललोय. एकमेकांचे हाडवैरी. तरी दोघंही हेच सांगतात."

"दोघांनाही तेच सोयीचं असेल तर?"

ते हसले. "मग तिथे असलेला एक तरी साक्षीदार आण, श्यामला. नुसत्या संशयावर मी काय लिहू?"

मी मुकाट्याने वाक्य टाइप केलं.

आणि...

धप.

आवाज स्वयंपाकघरातून आला होता.

धप... धप... धप...

"रीमा लवकर आली का?" मी विचारलं.

"ती क्लिनिकमध्ये आहे. घरात आपण दोघंच."

मी उठून गेले. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. ओटा स्वच्छ पुसलेला. गॅस बंद.

पण आवाज थांबला नव्हता. तो माझ्या अगदी समोरून येत होता. हात लांब केला असता तर लागला असता, इतक्या जवळून. दगडी उखळात कुणीतरी लाकडी मुसळ घालत होतं. पायाखालची फरशी दर ठोक्याला थरथरत होती.

मी धावत बाहेर आले.

प्रोफेसर खुर्चीत ताठ बसले होते. चेहरा पांढराफटक.

"हा आवाज मला ठाऊक आहे," ते हळूच म्हणाले. "आमच्याकडे बायका उखळात मटण कुटतात. रविवारी सकाळी. गल्लीतून चाललं की प्रत्येक घरातून ऐकू येतं."

मला राहवलं नाही. "लढाई कुठल्या वारी झाली?"

त्यांनी स्वयंपाकघराकडे मान वळवली.

"रविवारी."

तेवढ्यात बेडरूममधून दुसरा आवाज सुरू झाला.

मग बाथरूममधून. मग जिन्यातून. मग भिंतीच्या आतून... प्रत्येकाची लय वेगळी. कुणी दमल्यासारखं, कुणी घाईत. सगळं घर त्या आवाजांनी भरून गेलं. एखादं गाव सकाळी जागं व्हावं, तसं.

मी कानांवर हात दाबले. काही उपयोग झाला नाही.

आणि मग त्यातला एक आवाज थांबला.

मध्येच. मुसळ वर उचललं आणि खाली आलंच नाही, असा.

मग दुसरा थांबला. तिसरा...

"नाही!" प्रोफेसर ओरडले. ते धडपडत उठले. "श्यामला, ते वाक्य खोड! आधी ते खोड!"

मी वाक्य पुसलं.

आवाज थांबतच राहिले. एकामागून एक. शेवटी फक्त स्वयंपाकघरातला उरला. अगदी हळू... धप... ... धप...

मग तोही गेला.

एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. खालचे हॉर्नसुद्धा ऐकू येत नव्हते.

प्रोफेसर घरातल्या बोळाकडे तोंड करून उभे राहिले. अरबीत काहीतरी विचारलं. मला मोडकंतोडकं अरबी समजतं. ते विचारत होते, "तुम्ही कोण कोण होतात? नावं सांगा. मी लिहितो."

बोळ रिकामा होता.

पण ते ऐकत होते. मान हलवत होते. मध्येच हात वर करून "सावकाश, सावकाश" म्हणत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मग ते माझ्याकडे वळले.

"लिही."

मी बोटं तयार ठेवली.

त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले. जीभ हलली. एक नाव, मग दुसरं, मग तिसरं... ते सांगत होते, मला दिसत होतं.

पण आवाज येत नव्हता.

"प्रोफेसर, मला ऐकू येत नाहीये!"

त्यांनी गळ्याला हात लावला. पुन्हा प्रयत्न केला. मानेच्या शिरा फुगल्या. मी त्यांच्या तोंडाशी कान नेला. गरम श्वास लागला, बाकी काही नाही. मग त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि ते माझ्या अंगावर कोसळले.

हॉस्पिटलमध्ये सांगितलं, स्ट्रोक आहे. वाचा गेली, लिहिता हातही गेला. समज मात्र शाबूत आहे.

समज शाबूत आहे... हेच मला सहन होत नाही.

पुस्तक यंदा उन्हाळ्यात बाहेर आलं. प्रकाशकाकडे प्रोफेसरांनी डोळे अधू होण्याआधी स्वतः लिहिलेला कच्चा मसुदा होता, त्यातही ते वाक्य होतंच. मी मेल केला. हे वाक्य प्रोफेसरांनी स्वतः काढायला लावलं, असं कळवलं. उत्तर सभ्य होतं. "नव्या दाव्याला आधार काय?"

मी काय सांगणार होते? रीमालाही मी सगळं सांगितलं नव्हतं. इंद्रनीलना सांगितलं, तर ते म्हणाले, "अगं, वरच्या मजल्यावर काहीतरी काम चालू असेल."

आमच्या वर प्रोफेसरच आहेत. त्यांच्या वर गच्ची आहे.

परवा जेवणाच्या वेळी बेल वाजली. दारात रीमा. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले.

"श्यामला, तुझ्याकडे ताटल्या आहेत का?"

"पाहुणे आलेत?"

तिने नकारार्थी मान हलवली. "बाबा जेवायला बसेनात. टेबलाकडे बोट दाखवतात, अजून मांड म्हणून. आठवडाभर हेच चाललंय. मी मांडत जाते, ते अजून मागतात. आता घरातल्या संपल्या."

मी घरातल्या सगळ्या ताटल्या काढल्या. स्टीलच्या, काचेच्या, पिकनिकच्या कागदी. दोघी मिळून वर घेऊन गेलो.

टेबल भरलं होतं. खाली जमिनीवर हॉलभर ताटल्या मांडल्या होत्या. पाय ठेवायला जागा नव्हती. आम्ही आमच्याही मांडल्या. बोळात, थेट दारापर्यंत.

प्रोफेसर खुर्चीत बसून प्रत्येक ताटलीकडे बघत होते, दर ताटलीला ओठ हलत होते, त्या दुपारी नावं सांगताना हलले तसे. नजर सरकत सरकत शेवटच्या ताटलीपर्यंत आली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

डावा हात हळूच उचलला... आणि उघड्या दरवाजातून बाहेर, जिन्याकडे बोट दाखवलं.

अजून.