डालग्याखालचं पीठ

दहाव्याच्या सकाळी दत्तरावमामांनी ओसरीच्या कोपऱ्यातलं डालगं उचललं आणि अख्खं घर पुढं वाकलं... डालग्याखाली, विझत आलेल्या दिव्याभोवती पसरलेल्या ज्वारीच्या पिठात, तीन बोटांची नाजूक पावलं उमटली होती!

पिंगळी गावातली ही जुनी रीत. गेलेल्या जीवानं पुढं कोणता जन्म घेतला ते पिठातल्या पावलावरून कळतं. बायनाबाईंच्या जीवानं उत्तर दिलं होतं.

"पाखरू!" मामा ओरडले. बायनाबाई त्यांची थोरली बहीण. "पाखराचा जल्म घेतला आक्कानं! आन् पावलाचं तोंड बगा कुनीकडं हाय... अर्पिताच्या खोलीकडं!"

बायनाबाईंची धाकटी सून अर्पिता पदराआड हुंदके देऊ लागली. थोरली सून कस्तुराबाई मात्र खांबाला टेकून तशीच उभी राहिली. तिच्या अंतःकरणात जे पेटलं होतं त्यात शोक म्हणावा असं फारसं काही नव्हतं.

कारण ही तिसरी खूण होती. तिसऱ्या दिवशी फुलपाखरू बसलं ते अर्पिताच्या पर्सवर. सातव्या दिवशी देवघरातली घंटा आपोआप वाजली ती अर्पिता समोर असताना. आणि आता हे! चार वर्षं सासूला, आत्याबाईंना, उचलून न्हाऊ घातलं कस्तुराबाईनं, खिमट भरवलं कस्तुराबाईनं, आणि स्वर्गातून निरोप मात्र परभणीहून दिवाळीला पेढ्यांचा पुडा घेऊन येणारीला!

जिवंतपणीही हेच झालं होतं. शेवटच्या वर्षी म्हातारीची आठवण गेली आणि ती कस्तुराबाईला 'अर्पे' म्हणू लागली. पहिल्या दिवशी कस्तुराबाई म्हणाली, "मी कस्तुरा हाय, आत्याबाई." म्हातारी भेदरून लेकरासारखी रडली, "माजी अर्पी कुटं गेली?" त्या दिवसापासून हाक आली की कस्तुराबाई निमूटपणे 'ओ' द्यायची. वर्षभर ती दुसऱ्याच्या नावानं जगली... आणि त्या त्यागाचं पुण्य सगळं त्या दुसऱ्याच्याच खात्यात!

पण तिच्या हाती एक गोष्ट होती. ते डालगं रोजच्या वापरातलं, कोंबड्या झाकायचं. दिव्याला वारा मिळावा म्हणून एका कडेखाली खापर ठेवलं होतं, आणि आदल्या सांजेला कोंबड्या मोजताना एक कमी भरली होती. आपलं रोजचं घर सापडल्यावर कोंबडी दुसरीकडं कशाला जाईल? झुंजूमुंजू होताना ती ठिपक्यांची कोंबडी मागच्या परड्यात दिसली. पंजे पांढरेशुभ्र!

सगळ्यांचं चहापाणी उरकताच कस्तुराबाई तडक परड्यात गेली. साक्षीदार दाणे टिपत होता. तिनं त्याला उचलून पाय वर केले... पंजे स्वच्छ होते. ओले होते.

"आत्याबाई," ती आभाळाकडं बघून पुटपुटली, "तिच्यासाठी पुरावासुदीक धुता व्हय?"

दुपारी नदीवरून पुरुष मंडळी आली, ती तिथली हकिकत सांगतच. कावळा तासभर पिंडाला शिवेना. थोरला लेक पंडित म्हणाला, देवळाची पायरी बांधतो, कावळा बाभळीवरच. धाकटा लेक बालाजी म्हणाला, "आई, अर्पिता समदं बगंल," आणि कावळ्यानं झडप घातली. एव्हाना त्याला भूक लागली असेल, ही शंका कुणालाच आली नाही.

कस्तुराबाईनं मनाशी ठरवलं. तेराव्याला सगळं गणगोत जमलं की पंगतीतच सांगायचं, ते पाऊल कोंबडीचं!

तेराव्याला ती चुलीशी पुरण हाटत होती, तेव्हा अर्पिता शेजारी येऊन बसली.

"बाई, आत्याबाई सपनात आल्या हुत्या."

"तुज्याच येनार. वाट पाठ झालीय त्यांची."

"मला म्हनल्या, अर्पे, मिसरीची डबी उशाखाली ठिवत जा, रोज ठिवतीस तशी. आन् पाय चोळताना डावा अंगठा हळू धर, रोज धरतीस तसा." अर्पितानं चुलीत लाकूड सारलं. "मी कधी चोळले वो पाय? नाव माजं घेतलं, पन निरोप तुमचा हाय, बाई... पत्ता चुकला."

कस्तुराबाईच्या हातातलं उलथनं गळून पडलं! डॉक्टरांनी बंद केलेली ती मिसरी, तो दुखरा अंगठा... हे दोघींशिवाय कुणाला ठाऊक होतं? त्यातली एक तर गेली. म्हणजे, म्हणजे आत्याबाईंनी ओळखलं होतं! डोळे भरून आले... आणि भरल्या डोळ्यांनाच आठवलं. दिवाळीची दुपार. मिसरीची डबी उशाखाली सरकवून ती पाय चोळत होती, आणि उंबऱ्यात चहाची कपबशी घेऊन कुणीतरी बराच वेळ उभं होतं.

"तू दारात हुभी हुतीस, दिवाळीला."

अर्पितानं मान खाली घातली.

"खोटं सपान सांगायलीस?"

"व्हय."

"कशापायी?"

"त्या दिवशी दारात मी जळून गेले, बाई!" अर्पिता ओक्साबोक्शी रडू लागली. "माज्या नावानं हाका मारायच्या, आन् मी समोर बसले की इचारायच्या, ही बाई कोन? हात तुमचा घट्ट धरून! माज्या वाट्याला नुसतं नाव आलं... ते पाऊल तरी माज्याकडं वळलं, म्हनून कोंबडीचे पिठाळ पंजे मीच धुतले."

पुरण करपायला लागलं होतं. कस्तुराबाईनं पातेलं उतरवलं, मग पदरानं अर्पिताचं तोंड पुसलं, जरा जोरातच.

"येडी. तांब्याभर पानी वाया घातलंस."

पंगत बसली. पालमच्या पाहुण्यांना मामा पावलाची हकिकत सांगू लागले. "थोरलीला इचारा की! सांग कस्तुरा, तोंड कुनीकडं हुतं पावलाचं?"

कस्तुराबाई वाढता वाढता थांबली. परड्यातून कोंबडी ओरडली. अर्पिताचा चेहरा पांढरा पडला.

"अर्पिताकडंच," कस्तुराबाई म्हणाली. "माज्या डोळ्यानं बगितलं म्या."

पाहुण्यांनी हात जोडले. पंगतीच्या टोकाला मामांना ठसका लागला.

"अर्पे, पानी आन गं!"

"ओ!"

दोघींनी एकदमच दिली. वर्षाची सवय, कस्तुराबाईच्या तोंडून निसटून गेली. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या, डोळे डबडबले, ओठ मात्र हसू दाबताना थरथरत होते... आणि मामांपुढं पाण्याचे दोन तांबे आले.