कुलूपकाकांची पट्टी

प्रयोगशाळेत त्यांना सगळे कुलूपकाका म्हणत. नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण चपखल बसलं होतं. रोग्यांच्या अंगातून काढलेल्या गाठींचे तुकडे तिथे तपासायला येत आणि त्यांच्यावरची नावं कुलूपबंद करणं हे काकांचं काम. फार पूर्वी तिथल्या एका डॉक्टरांनी स्वतःच्या सख्ख्या भावाची गाठ तपासली होती. माया आडवी आली आणि वाईटाला चांगलं लिहून बसले. तेव्हापासून नियम झाला, तपासणाऱ्याला नाव कळता कामा नये.

त्यासाठी पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या होत्या. दोन्हींवर 'क'पासून 'ळ'पर्यंत अक्षरं, नावांत न लागणारी 'ङ' आणि 'ञ' सोडून. खालची पट्टी सरकवायची आणि नावातल्या अक्षराखाली जे अक्षर येईल ते वहीत लिहायचं. काना, मात्रा, वेलांटी तशीच ठेवायची. दर सोमवारी सकाळी काका पट्टी नव्या जागी सरकवत आणि वर टाचणी टोचत. एकोणतीस वर्षांत एक चूक नाही, हे ते कुणी न विचारताही सांगत. बायको म्हणायची, "घरात चष्मा सापडत नाही, आणि म्हणे चूक नाही!"

त्या सोमवारी वही उघडली तर कोऱ्या पानावर पहिली ओळ आधीच लिहिलेली. अक्षर काकांचंच. 'ण'ची ती खास लांब दांडीसुद्धा.

पट्टी सरकवून टाचणी टोचल्यावर काकांनी ते नाव उलगडलं. कुणा अनोळखी बाईचं निघालं. बुधवारी इस्पितळातून तुकड्यांचा डबा येई, त्यातून तिचाच तुकडा आला. अहवाल वाईट होता.

पुढच्या सोमवारी पुन्हा ओळ. या वेळी एका पुरुषाचं नाव. बुधवारी तुकडा, अहवाल वाईट. तिसऱ्या सोमवारी काकांनी ते पानच फाडलं. खालच्या पानावर तीच ओळ होती, आणि शाई अजून ओली होती.

ते वही घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे गेले. बाई भल्या होत्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं.

"अक्षर तर तुमचंच आहे, काका."

"हो ना. तेच तर."

"शुक्रवारी दमून लिहिलं असेल. या वयात होतं असं. रजा घ्या चार दिवस. लेकीचं बाळंतपण जवळ आलंय ना?"

"अजून तीन आठवडे आहेत," काका म्हणाले. वही मिटून ते परत आले. त्या बुधवारीही तुकडा आला.

चौथ्या सोमवारी ओळीत तीन अक्षरं होती: ढधिझा.

पट्टी अजून गेल्या आठवड्याच्याच जागी होती. काकांनी सहज त्याच जागेवर ते वाचलं. ते त्यांच्या बायकोचं नाव होतं.

पलीकडे काचा धुण्याचा आवाज येत होता. मग त्यांच्या ध्यानात आलं की सोमवार आहे, आणि पट्टी अजून सरकवायची आहे. नाव कुणाचं, ते पट्टी कुठे थांबते त्यावर होतं. आणि पट्टी थांबवणार तेच होते.

एवढी मोठी किल्ली आपल्या हातात असल्याचं एकोणतीस वर्षांत त्यांना कधी जाणवलं नव्हतं. त्यांनी पट्टी एक घर सरकवली. धाकट्या बहिणीचं नाव आलं. आणखी एक घर. शेजारच्या मास्तरांची सून. आणखी एक. झाडलोट करणाऱ्या बाईंची शाळेत जाणारी मुलगी. एकाच ओळीतून इतकी खरी नावं निघणं शक्य नव्हतं. तरी निघत होती, आणि प्रत्येक नावाचा चेहरा काकांना माहीत होता.

सुटका म्हणून दुसऱ्याच्या पोरीवर ढकलायचं? छे. एवढं पाप पदरात घ्यायची त्यांची छाती नव्हती.

अखेर एका घरी आलं: शकिया.

काकांनी ते दोनदा पुटपुटून पाहिलं. हे काही कुणाचं नाव नव्हे. जुन्या वह्या काढून त्यांनी दुपारपर्यंत पानं चाळली. एकोणतीस वर्षांत असं नाव एकदाही आलं नव्हतं. ज्याचं नावच नाही त्याचा तुकडा कुठून येणार? त्यांनी टाचणी टोचली, अगदी आरपार.

त्या संध्याकाळी घरी जाऊन ते बायकोच्या हातचं चार घास जास्त जेवले. ती हसून म्हणाली, "आज स्वारी खुशीत दिसतेय!" काका नुसते तिच्याकडे बघत राहिले. त्यांना रडू येत होतं.

मंगळवारी पहाटे बातमी आली. दिवस भरायच्या आतच लेक मोकळी झाली, मुलगी झाली. बायको तातडीनं तिच्याकडे गेली. काका बुधवारचा डबा उघडून मगच निघणार होते. तेवढी एक खात्री त्यांना हवी होती.

बुधवारी सकाळी कामावर पोचले तोच लेकीचा फोन आला. आवाज थकलेला, पण आनंदी.

"बाबा, नाक अगदी तुमच्यावर गेलंय."

"असू दे, बिचारीचं नशीब," काका हसले.

"पाठीवर एक बारीकशी गाठ होती. काल काढलीसुद्धा. घाबरायचं नाही म्हणाले, नुसतं तपासून घ्यायचं. तुमच्याकडेच पाठवलीय."

काकांनी दाराकडे पाहिलं; डबा यायची वेळ झाली होती.

"कागदावर बाळाचं नाव लागतं म्हणाले, मग ठरवूनच टाकलं. यांनीच शोधलं. जगात दुसऱ्या कुणाचं नसेल असं हवं होतं त्यांना. अर्थबिर्थ काही नाही हं, आधीच सांगते. नुसतं कानाला गोड लागतं."

डबा टेबलावर आला होता. आत एकच बाटली होती. तिच्यावरची चिठ्ठी काकांनी वाचली, आणि सवयीनं लेखणी उचलली.

वहीत लिहायचं काही उरलं नव्हतं.