ऑरेलियाचं तेल

"दाजी, आमच्या दयारामनं केसानं गळा कापला हो!" असं म्हणतच मिठागरवाले कमळाकर म्हात्रे डिटेक्टिव्ह दाजी कर्णिकांना आपल्या शेडमध्ये घेऊन आले. १९५९ सालच्या त्या सकाळी निम्मं पनवेल दाराशी लोटलं होतं.

दाजींचे मित्र आनंदा मास्तर उंबऱ्यावरच खिळले. समोर विक्रीला आलेल्या दोन गाड्या! विलायतेची अ‍ॅस्टन मार्टिन, लांब नाकाची, दणकट. शेजारी इटलीची लान्सिया ऑरेलिया; अंगावर एक रेघ जादा नाही. आयशप्पथ! मास्तरांनी नकळत टोपी काढली.

"सरळ रस्त्याला अ‍ॅस्टन, वळणाला लान्सिया," कमळाकर म्हणाले. "म्हटलं, आज खोपोलीच्या घाटात निकाल लावू, जिंकेल ती ठेवू. लान्सियात बसून किल्ली लावली, तोच अ‍ॅस्टनचा ड्रायव्हर हा बळीराम ओरडत आला, 'फिरवू नका शेट, तेल नाय!' बघतो तर इंजिन कोरडंठाक! शेडमध्ये वावर दोघांचाच. बळीरामनं गाडी वाचवली. मग उरला कोण?"

कोपऱ्यात बसलेल्या दयाराम मेस्त्रीचे डोळे लाल झाले होते. "तीस वर्सं गाड्यांत गेली. आता माज्या हातात गाडी कोण देल?"

दाजी सरळ लान्सियाखाली शिरले. "जमिनीवर थेंब नाही. तेल डब्यात धरून नेलंय. आणि तेल सोडायच्या तळाच्या बोल्टचे कोपरे पार खाल्लेत. दयाराम, तुझे पाने?"

"मिलिमीटरचे. इटलीच्या गाडीला तेच लागतात. शेटनी खास मागवले."

"बळीराम, तुझे?"

"इंचाचे. विलायती गाडी हाय."

"अ‍ॅस्टन विकणारा तुझा साहेब मायदेशी चाललाय म्हणे. मग तू?"

"शेटनी ही घेतली तर मी हिच्यासंगं इथंच. सा वर्सं हिला सांभाळलीय."

दाजींनी हात झटकले. "मास्तर, इंजिन सुरूच झालं नव्हतं. तेलाचा काटा हलला नव्हता, खाली थेंब नव्हता. मग तेल नाही हे बळीरामला कळलं कसं?"

मास्तरांनी आ वासला. एवढी साधी गोष्ट!

"इंचाचा पाना या बोल्टला सैल बसतो, घसरतो, कोपरे खातो. दयारामकडे बरोबर मापाचा असताना तो असला धेडगुजरी उद्योग कशाला करेल? लान्सिया वाटेतच बंद पडली असती, अ‍ॅस्टन राहिली असती, आणि तिच्याबरोबर हाही."

बळीरामनं लान्सियाच्या बॉनेटवर हात ठेवला. "किल्ली लागली न् मला राहवलं नाय. असलं इंजिन मरताना कसं बघू?"

मास्तरांनी पुन्हा ऑरेलियाकडे पाहिलं. गुन्हेगारालाही हात जोडायला लावणारी गाडी!

कमळाकर दयारामच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं बोला शेट," दयाराम म्हणाला. "दगाबाज ठरवलंत ते समद्यांनी ऐकलंय."

कमळाकर दाराशी गेले. डोक्यावरची टोपी काढून, सगळ्या गावासमोर हात जोडून म्हणाले, "दयाराम, चुकलो मी."

दयारामनं डोळे पुसले आणि तेलाचा डबा उचलून तो लान्सियाकडे वळला.