धारगळला चुकून थांबवलेली गाडी

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरचा भाद्रपद होता. मावशीकडून घरी परतताना धारगळच्या रस्त्यावर मी हात दाखवला आणि गाडी थांबली. पाटीवरचं ‘डिचोली’ एवढंच वाचून मी चढले. आत पाहते तर सगळे टोप्या घातलेले, गळ्यात कॅमेरे अडकवलेले.

“ही सहलीची गाडी,” ड्रायव्हर आरशातून म्हणाला.

“मग थांबवलीत कशाला?”

“तुमी हात दाखवलात... पाय आपसूक ब्रेकवर गेला.”

मी उतरायला वळले.

“बसा आता. कारापूर वाटेवरच आहे.”

मी कारापूरची हे त्याला मला सोडायला आलेल्या मावशीनं खालून ओरडून सांगितलं होतं.

त्या दिवशी त्यांचा माहिती सांगणारा माणूस आला नव्हता. मयेचं तळं पाहून पुण्याच्या एका बाईंनी विचारलं, हे कधीचं? ड्रायव्हर गंभीरपणे म्हणाला, “जुनं आहे.” नार्व्याच्या सप्तकोटेश्वराच्या देवळातही तेच— “जुनं आहे.” मला राहवेना. दिवाडी बेटावरून हा देव नदीपार कसा आला, शिवाजी महाराजांनी देऊळ कसं बांधवलं, सगळं मी सांगत गेले. बी.ए.ला इतिहास घेतल्याचा तो पहिला उपयोग. मध्येच लक्ष गेलं— ड्रायव्हर खांबाला टेकून ऐकत होता, बोटातली किल्ली फिरवायची विसरून.

कारापूरला उतरताना तो म्हणाला, “येत्या रविवारी पुन्हा चुकून हात दाखवाल?”

“मी एक चूक दोनदा करत नाही.”

पण रविवारी मी डिचोलीच्या बसस्टँडवर उभी होते. गाडीच्या मालकानं मला दर रविवारी माहिती सांगायच्या कामावर ठेवलं.

ड्रायव्हरचं नाव सदाशिव. बांद्याचा. आधी पाळी गावच्या खाणीवर खनिजाचा ट्रक चालवायचा. “तिथं मागे माती असायची,” तो म्हणे, “ती काही विचारत नसे.” हरवळ्याच्या पांडवांच्या गुहांकडे जाताना सर आली की गाडीतली एकुलती छत्री माझ्या हातात देऊन तो भिजत पुढे चाले.

“छत्रीत या ना.”

“नको. इतक्या जवळून तुमची माहिती कळत नाही... नुसता आवाज ऐकू येतो.”

त्या दिवशी पाच पांडवांची नावं सांगताना मी नकुलाला विसरले.

महिना-दीड महिना गेला. म्हापशाच्या एका कारकुनाचं स्थळ मला सांगून आलं, आणि त्याच आठवड्यात कुणीतरी बाबांच्या दुकानात येऊन सांगितलं, तुमची देवकी ड्रायव्हरबरोबर हिंडते. बाबा चिडले नाहीत. संध्याकाळी जेवताना एवढंच म्हणाले, “बाय, येत्या रविवारी मी येतो. बघतो. मला पटलं नाही तर काम सोडायचं आणि म्हापशाला होकार कळवायचा.”

बाबा शेवटच्या बाकावर बसले. नार्वे झालं, मये झालं— ते सगळ्यांच्या मागून चालत होते. सदाशिवनं दिवसभरात एकदाही आरशात पाहिलं नाही.

हरवळ्याचा धबधबा भरून कोसळत होता. बाबा सरळ कठड्याशी उभ्या असलेल्या सदाशिवकडे गेले. मी मागोमाग धावले.

“माझ्या ह्या चेडवाचं, देवकीचं नि तुझं काय आहे?”

सदाशिव काहीतरी बोलला. पाण्याच्या आवाजात ते विरून गेलं.

“मोठ्यानं बोल.”

“माझ्या बाजूनं सगळं आहे,” सदाशिव ओरडला. कठड्याजवळचे सगळे वळून पाहू लागले. त्याचे कान लाल झाले, पण तो थांबला नाही. “त्यांच्या बाजूचं मी अजून विचारलेलं नाही.”

“का?”

“त्या नाही म्हणाल्या असत्या तर... माझे रविवार संपले असते.”

बाबा कठड्याला हात टेकून पाण्याकडे वळले. अंगावर तुषार येत होते, तरी मागे सरले नाहीत.

“मग आता विचार,” ते म्हणाले. “माझ्यासमोर.”

सदाशिव माझ्याकडे वळला. त्याचे ओठ हलले. मला प्रत्येक अक्षर कळलं होतं... तरी मी कानामागे हात नेला.

“ऐकू आलं नाही.”

“देवकी, माझ्याशी लगीन करशील?”

‘तुमी’ सोडून तो पहिल्यांदाच ‘तू’वर आला होता. “करीन,” मी म्हणाले— तितक्याच मोठ्यानं, बाबांनाही नीट ऐकू जावं म्हणून.

“म्हापशाला मी निरोप धाडतो,” बाबा म्हणाले आणि आम्हाला तिथंच ठेवून एकटेच गुहा पाहायला निघाले.