तिसऱ्या सिलिंडरमधली जागा

धम्मपालदादाची इंजिनकामाची शेड नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आहे. एका बाजूला पावडर कोटिंगवाला, समोर चहाची टपरी, आणि दिवसभर कुठल्यातरी प्रेसचा धप्प धप्प आवाज. मी त्याच वसाहतीतल्या एका औषध कंपनीत केमिस्ट आहे. सुटी असली की दादा मला एका कामासाठी हमखास बोलावतो. माझ्याइतकं नीट ब्युरेट, म्हणजे पाणी मोजायची खुणांची काचनळी, कुणी वाचत नाही, असं त्याचं म्हणणं.

काम साधं आहे. इंजिनचं हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण. त्याच्या तळाला प्रत्येक सिलिंडरसाठी एक उथळ वाटी असते. पिस्टन वर आला की हवा आणि पेट्रोल त्या वाटीत दाबलं जातं. वाटी लहान केली की दाब वाढतो आणि तेवढ्याच पेट्रोलमधून जास्त ताकद मिळते. फार लहान केली तर मिश्रण भलत्या वेळी पेटतं आणि पिस्टन फुटतो. म्हणून हेडचा तळ मशीनवर थोडा थोडा घासायचा आणि दर वेळी वाट्या मोजायच्या. हेड उलटं ठेवून वाटीच्या कडेला ग्रीस लावायचं, वर भोक पाडलेली ॲक्रिलिकची काच चिकटवायची आणि भोकातून रंगीत पाणी सोडायचं. जितकं पाणी मावेल तितकी वाटी. चारही वाट्या सारख्या हव्यात.

या वेळचं हेड चैतालीवहिनीच्या गाडीचं होतं. वहिनी देवळ्याची. माहेरी कांद्याचा ट्रॅक्टर हाकता हाकता तिला वेगाची चटक लागली, असं दादा सांगतो. दक्षिणेतल्या एका रेसिंग टीमने तिला चाचणीसाठी बोलावलं होतं, स्वतःच्या गाडीसह. पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसणार नव्हती. जे व्हायचं ते या रविवारीच.

"नणंदबाई, थेंब मोजताय की अमृत वाटताय?" ती मागून म्हणाली. मी हसले नाही, कारण मोजत होते.

पहिली, दुसरी आणि चौथी वाटी सारखी भरली. तिसरी भरेना.

ब्युरेट रिकामी झाली. मी ती पुन्हा भरली, पुन्हा सोडली. गळती असणार म्हणून वॉल्व्हच्या मागे बोट फिरवलं, ते कोरडं. स्पार्क प्लगजवळही कोरडं. ग्रीस पुसून नव्याने लावलं. तरी पाणी शांतपणे आत जात राहिलं.

मग मला रंग दिसला. बाकीच्या वाट्यांत पाणी फिकट आकाशी होतं. तिसरीत ते शाईसारखं गडद झालं होतं. पाण्याचा थर जितका जाड तितका रंग गडद, हे मी रोज प्रयोगशाळेत बघते. पण काच काढून मी आत बोट घातलं तेव्हा ते पेरापर्यंतच बुडालं आणि तळाला टेकलं.

पाण्यासकट हेड वजनकाट्यावर ठेवलं. जितकं पाणी ओतलं होतं तितकं वजन वाढलं होतं. पाणी बीकरमध्ये उपडं केलं. सगळं परत आलं, वर दुसरा बीकर आणावा लागला. हरवलं काहीच नव्हतं. जिथे मावायला नको तिथे ते मावलं होतं, एवढंच.

दादाने ते सगळं बघितलं आणि इंजिनवाला जे करेल तेच केलं. वाटी मोठी आहे ना, मग घासू. हेड घेऊन तो मागच्या गल्लीतल्या गोरक्षभाऊंच्या मशीनवर गेला.

घासून आणल्यावर तीन वाट्या हिशोबाप्रमाणे लहान झाल्या होत्या. तिसरी वाढली होती. दादाने पुन्हा घासून आणलं. ती आणखी वाढली. पाणी आता काळं दिसत होतं आणि त्यात वरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब फार खाली, दोऱ्याएवढं बारीक होऊन पडलं होतं.

तिसऱ्यांदा गोरक्षभाऊंनी हेड हातातच घेतलं नाही. "आता घासलं तर वॉल्व्ह पिस्टनच्या गळ्यात पडतील, धम्मपाल," ते म्हणाले.

आमच्या घरात कुणी नारळ फोडत नाही की लिंबू बांधत नाही. काय करावं ते कुणालाच सुचेना. हे मॉडेल बंद झालेलं, दुसरं हेड रविवारच्या आत मिळणं शक्य नव्हतं. दादाने तेच हेड बसवलं आणि प्लग लावण्याआधी प्रत्येक सिलिंडरचा दाब तपासला. तीन सिलिंडरमध्ये गेजचा काटा उसळला. तिसऱ्यात हललासुद्धा नाही.

मी प्लगच्या भोकाजवळ पान्याने टकटक केलं, का ते मला सांगता येणार नाही. आवाज आत गेला. आम्ही तिघंही वाकून थांबलो. बऱ्याच वेळाने तो परत आला, मऊ आणि थंड होऊन, त्रिरश्मी लेण्यांतल्या मोठ्या विहारात टाळी वाजवल्यावर येतो तसा. भोकातून ओल्या दगडाचा वास येत होता. मला भीती वाटली नाही. मान खाली घालून उभं राहावंसं वाटलं.

"नको नेऊ ही गाडी," दादा वहिनीला म्हणाला.

"तीन सिलिंडरवर जाईन," ती म्हणाली. "पण जाईन, धम्मा." त्याला धम्मा फक्त तीच म्हणते.

रविवारी ट्रॅकवर गाडी थरथरेल, मागे पडेल, अशी आमच्या मनाची तयारी होती. ती पहिल्या वळणाला आली तेव्हा थरथर नव्हती. दुसऱ्या फेरीला आवाज कमी झाला. शेवटच्या फेरीला ती आमच्यासमोरून इतक्या वेगाने गेली की टीमचा माणूस उभा राहिला, आणि मला फक्त टायरखालची खडी ऐकू आली. इंजिनाचा आवाज नव्हताच. तो बाहेर यायच्या ऐवजी आत जात होता.

वहिनीची निवड झाली.

हेल्मेट काढून ती आमच्याकडे बघत राहिली. रेषा ओलांडताना तिने जिवाच्या आकांताने हाक मारली होती, 'धम्मा, पोचले', एवढीच. आम्हाला काहीच ऐकू आलं नव्हतं. तिलाही नाही. तोंड उघडलं, घसा ताणला गेला, आणि आवाज पुढे कुठेतरी निघून गेला, असं ती म्हणाली.

त्याला आता बरेच आठवडे झाले. मधल्या काळात मी एकदा ध्वनीचा वेग आणि त्या टकटकीला परत यायला लागलेला वेळ घेऊन गणित मांडलं होतं. अंतर किलोमीटरमध्ये वाचल्यावर ते पुसून टाकलं.

काल दुपारी दादा इंजिन उतरवायला बसला होता. टीमकडे जायला निघालेली वहिनी बॅग खांद्यावर घेऊन दारात उभी होती. दादाने तिसरा प्लग काढला.

आधी थंड हवा आली.

मग हाक.

ती वहिनीचीच होती. शब्द तेच, देवळ्याकडचा हेलही तोच. फक्त गळा खूप म्हाताऱ्या बाईचा होता.

वहिनीचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग हळूहळू खुलला.

"म्हणजे बरीच जगणार मी," ती म्हणाली आणि हसली.

दादा हसला नाही. तो प्लग परत बसवत होता. पान्याने शेवटचा पिळा देऊन झाला तरी तो आवळतच राहिला. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला कळलं, त्यानेही ते ऐकलं होतं.

ट्रॅकवर तिने एकदाच हाक मारली होती. आतून ती दोनदा आली. 'धम्मा, पोचले.' मग कुणी उत्तराची वाट बघावी तेवढी शांतता. आणि मग, जरा हळू, 'धम्मा?'